पिल्लं दिवसाढवळ्या गायब होतात आणि चोर दिसत नाही, तेव्हा काय करायचं

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात बारा-पंधरा गावठी कोंबड्या असतात. एखादी खुडूक झाली की सासूबाई टोपलीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवतात, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि आमची मोजणी सुरू होते. पहिल्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी बारा. पाचव्या दिवशी अकरा, आठवड्यानं सात, पंधरवड्यानं तीन. त्या तिनांतले दोन मोठेपणी कोंबडे निघणार हेही ठरलेलं. ना पिसं, ना रक्त, ना झटापट. सलग तीन वर्षं फेब्रुवारी ते मे या काळात आमच्याकडे हेच चाललं होतं.

शेजारच्या काकींचं निदान तयार होतं. "घारीनंच नेलान गो, दुसरा कोण?" मी म्हटलं, घार दिसली का तुम्हाला? तर वर बोट दाखवून म्हणाल्या, "ती काय, फिरतेय." घार तर रोजच फिरते. मासळी बाजार जवळ असला की आकाशात घार नाही असा दिवस उजाडत नाही. वर दिसली म्हणून खाली तिनंच चोरी केली, असं म्हणणं मला पटत नव्हतं.

पटत नव्हतं, कारण मी पक्षी बघते. सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं, दुर्बीण मांडीवर, काय दिसलं ते वहीत लिहायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे पिल्लांचा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत होते आणि पक्ष्यांचा वहीत. तीन वर्षं दोन्ही नोंदी एका घरात होत्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत. चौथ्या वर्षी एका दुपारी कॅलेंडर उतरवून वहीशेजारी ठेवलं, तेव्हा निम्मं कोडं तिथंच सुटलं. तुमच्याकडेही हा त्रास दरवर्षी होत असेल तर जाळी आणायला पळण्याआधी आठ-दहा दिवसांची अशी नोंद करा. पिल्लू गेलं ती वेळ, त्या वेळी ऊन होतं की झाकोळ, कोंबडी कुठे चरत होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी आजूबाजूला कोण ओरडत होतं.

वेळ आधी पकडा

सकाळी खुराडं उघडताना मोजा, दुपारी मोजा, संध्याकाळी आत घेताना मोजा. एवढ्यानंच अर्धे संशयित बाद होतात. रात्रीत पिल्लू गेलं तर घार, शिक्रा (हा छोटा शिकारी पक्षी), कावळा यांना विसरा. ती सगळी दिवसाची मंडळी. उदमांजर आणि घूस रात्रीची. रानमांजर रात्रीचं, पण पहाटे-तिन्हीसांजेलाही फिरतं. मुंगूस मात्र दिवसा हिंडतं, आणि हे पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. सकाळी खुराड्यात मेलेली कोंबडी दिसली की "मुंगसानं मारली" असं सहज म्हटलं जातं. मुंगूस करतं ते भर उन्हात करतं.

आमच्या नोंदीत बहुतेक पिल्लं सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान गेलेली होती, काही दुपारी चारनंतर. म्हणजे चोर दिवसाचा. आणि पिल्लू अख्खं उचलून नेणारा.

मागे काय उरलं ते बघा

काहीच उरलं नाही, पिल्लू आठ-दहा दिवसांच्या आतलं होतं आणि दिवस होता, तर शिक्रा, डोमकावळा, घार, भारद्वाज किंवा मुंगूस यांपैकी कुणीतरी. परसाच्या कडेला, शक्यतो झाडीच्या आडोशाला उपटलेल्या बारीक पिसांचा पुंजका सापडला तर शिकारी पक्षी समजा. शिक्रा आधी पिसं सोलतो आणि मग खातो; त्याची एक ठरलेली फांदी किंवा दगड असतो, त्याच्याखाली बघा. आमच्याकडे तो गडग्याचा एक सपाट दगड निघाला.

मोठी कोंबडी मारलेली, छातीचं मांस खाल्लेलं आणि भोवती पिसांचं रिंगण असेल तर प्रकरण शिक्र्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिक्रा पारव्याहून लहान पक्षी, त्याला भरलेली कोंबडी झेपत नाही. जंगलालगतच्या वाड्यांत असं काम मोरघार करते.

डोकं तोडलेलं किंवा मान चावलेली, आणि एका वेळी दोन-तीन पक्षी मेलेले असतील तर मुंगूस किंवा मांजराच्या जातीचं काहीतरी. जाळीला चिकटून कोंबडी पडलेली आणि डोकंच नाहीसं झालेलं असेल तर बाहेरच्यानं जाळीच्या भोकातून ओढून खाल्लं, आत कुणी शिरलंच नाही. पिल्लांच्या पायांना कुरतडल्यासारख्या जखमा असतील तर उंदीर किंवा घूस, मग खुराड्याच्या कोपऱ्यात बीळ शोधायला लागा. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर साप किंवा घोरपड. आणि कोंबडी मेलेली, अंगावर नीटशी जखम नाही, शेजारची अंडी गेलेली, तर अंधारात हात घालू नका. नाग अंडीही गिळतो आणि पिल्लंही. आमच्याकडे तेव्हापासून नियमच झालाय: आधी बॅटरी, मग हात.

शंका उरली तर चुलीतली राख चाळून खुराड्याच्या दाराशी पातळ पसरा. मांजराचं पाऊल गोल उमटतं आणि नख्या दिसत नाहीत. कुत्र्याच्या नख्या दिसतात. साप गेला तर ओढल्यासारखा एकच पट्टा. कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त, आणि सकाळी झाडून टाकलं की संपलं.

कोण ओरडतंय ते ऐका

सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आधी आपला कोंबडा. त्याचे धोक्याचे आवाज दोन आहेत आणि ते वेगळे ओळखता येतात. जमिनीवरचं काही दिसलं, म्हणजे कुत्रा, मांजर, साप, तर तो मान ताठ करून उभा राहतो आणि "कट-कट-कट-कटाऽक" असं लांबलचक लावून धरतो. सगळ्या कोंबड्या त्यात सूर मिसळतात. आकाशातून काही आलं तर मात्र एकच बारीक, ताणलेला आवाज काढतो आणि गप्प. कोंबड्या जागच्या जागी दबकतात किंवा झुडपाखाली पळतात. पहिला आवाज आपल्याला घरात ऐकू येतो, दुसरा येत नाही. म्हणून तर "काहीच आवाज झाला नाही, पिल्लू गेलं" असं आपल्याला वाटतं. आवाज झालेला असतो, आपले कान त्याला सरावलेले नसतात.

मग रानातले पक्षी. सातभाईंचा थवा एका झुडपाभोवती गोळा होऊन न थांबता कलकलाट करत असेल तर खाली साप किंवा मांजर आहे, किंवा फांदीवर घुबड बसलंय. खार शेपटी झटकत एकाच लयीत चिरकत असेल तर तिचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे बघा. कोतवाल हवेत कुणाच्या पाठीवर सूर मारत असेल तर तो घारीला किंवा कावळ्याला हाकलतोय. याला कोतवाल नाव उगाच पडलेलं नाही. त्याचं घरटं असलेल्या झाडावर होले आणि हळदे मुद्दाम शेजार करतात, कारण आपल्या घरट्यापाशी तो कुणा लुटारूला फिरकू देत नाही. आमच्या खुराड्याजवळच्या फणसावर कोतवालाचं घरटं होतं त्या वर्षी मे महिन्यात कावळ्यांचा त्रास जवळजवळ नव्हताच. नवऱ्याला ती फांदी तोडायची होती. अजून तोडलेली नाही.

आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे शांतता. चिमण्या, बुलबुल, होले यांची बडबड चाललेली असते आणि अचानक सगळं थांबतं. त्या क्षणी शिक्रा झाडीतून निघालेला असतो. माझ्या वहीत पिल्लू गेलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा एकच ओळ होती: "सातभाई एकदम गप्प." लिहीत मीच होते, वाचत नव्हते.

यात एक फसवणूक आहे, तीही सांगते. कोकणातल्या झाडीत भृंगराज असतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पीस असलेला. हा पठ्ठ्या शिकारी पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. आमच्या कोंबड्या त्याच्या नादानं दोनदा विनाकारण अडुळशात घुसल्या. मीही दुर्बीण घेऊन शिक्रा शोधत बसले.

ज्यांना उगाच शिव्या बसतात ते

घार मुख्यतः मेलेलं-सडलेलं उचलते. उघड्या अंगणात आईपासून लांब गेलेलं पिल्लू दिसलं तर सोडणार नाही, पण दाट झाडीच्या परसात सूर मारून उतरणं तिला जमत नाही. तुमच्या कोंबड्या मोकळ्या माळावर चरत असतील तर काकींचं म्हणणं खरं असू शकतं. आमच्यासारख्या काजू-रातांब्याच्या गर्दीत नाही.

पावशाची गोष्ट तर अन्यायाची आहे. पाऊस जवळ आला की "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून ओरडणारा हा पक्षी दिसायला जवळजवळ शिक्र्यासारखा: तसाच राखाडी, छातीवर तशाच पट्ट्या, उडण्याची ढबही तशीच. वाडीतल्या एका मुलानं शिक्रा समजून त्याला बेचकीनं पाडलं होतं. पावशा सुरवंट खातो. चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळ आणि बारीक. शिक्रा ताठ बसतो, पावशा पंख सैल सोडून.

डोक्यावर घिरट्या घालत "कीऽ-की-कीऽ" अशी शीळ घालणारा सर्पगरुड नावाप्रमाणे सापांच्या मागे असतो. पिंगळा आणि गव्हाणी घुबड तर आपल्या बाजूचे. धान्यावर येणारे उंदीर तेच कमी करतात.

आणि गुन्हेगार सापडला तरी त्याला मारायचं नाही. शिकारी पक्षी, मुंगूस, घोरपड, साप या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून ठेवायचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्यात चोर राहतो बाजूला आणि गावातली कुत्री मरतात. शिवाय एक शिक्रा गेला तर रिकाम्या जागेत दुसरा येतो.

चूक माझीच होती

तर शिक्रा. पण तो आमच्याच परसात का? काकींची पिल्लं त्या मानानं वाचत होती.

उत्तर मी स्वतः टांगलं होतं. पक्षी जवळून दिसावेत म्हणून खुराड्यापासून दहा-बारा पावलांवर आंब्याच्या फांदीला तांदळाच्या कण्यांची थाळी आणि खाली पाण्याची मातीची परात ठेवली होती. चिमण्या आल्या, होले आले, मनोली आल्या. मी खूश. त्यांच्यामागून शिक्रा आला आणि बाजूच्या रातांब्याच्या दाट पानांत बसायला लागला. तो असाच शिकार करतो: आडोशाला गप्प बसून राहायचं, मग जमिनीलगत सपाट उडत येऊन झडप घालायची. होला चपळ, चिमणी त्याहून चपळ. कोंबडीचं पिल्लू त्यातलं काहीच नाही. मी त्याला खानावळ उघडून दिली होती आणि वर आयते पदार्थही वाढत होते.

त्यात वेळही जुळून आलेली. शिक्र्याचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात असतो. उंच आंब्याच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं, तीन-चार अंडी, आणि एप्रिल-मे महिन्यांत घरट्यात भुकेली पोरं. आमच्या कोंबड्या नेमक्या त्याच्या आधी खुडूक होत होत्या. दोघांचीही पोरं वाढवायची घाई एकाच महिन्यात.

थाळी आणि परात मी घराच्या पुढच्या बाजूला, खुराड्यापासून साठ-सत्तर पावलांवर नेली. सांडलेल्या कण्या रोज संध्याकाळी झाडते, नाहीतर रात्री उंदीर आणि उंदरांमागे धामण. तुम्ही पक्ष्यांना दाणे-पाणी ठेवत असाल आणि कोंबड्याही पाळत असाल तर या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवा. बाकी काही करायला जमलं नाही तरी एवढं कराच.

काय चाललं, काय नाही

चमकणाऱ्या सीडी दोरीला बांधल्या. आठ दिवस उत्तम, नवव्या दिवशी शिक्रा त्याच दोरीवर बसलेला. जागा बदलत राहिलात तर थोडा जास्त काळ चालतात. बुजगावण्याचंही तेच.

मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं वरून टाकलं. कोकणात ते फुकट मिळतं म्हणून सगळेच टाकतात, आणि मी सगळ्यांना नको म्हणून सांगते. खाली लोंबणाऱ्या जाळ्यात एक मोठी धामण अडकली, सोडवायला सर्पमित्राला बोलवावं लागलं. दुसऱ्याच आठवड्यात एक पिंगळा. सैल बारीक जाळ्यात साप आणि पक्षी तडफडून मरतात. टाकायचंच तर चांगलं ताणून, जमिनीपासून वर, कुठेही झोळ न ठेवता.

खरा फरक आडोशानं पडला. शिक्र्याला उडत यायला मोकळी वाट लागते. ती मोडली की तो फिरकत नाही असं नाही, पण चुकतो. बांबूच्या कामट्या जमिनीत कमानीसारख्या रोवून त्यांवर नारळाची झापं टाकली. कोंबडी आत शिरेल एवढी उंची, आठ-दहा फुटांवर एक. मध्ये अडुळसा आणि कढीपत्ता वाढू दिला. आईनं आवाज दिला की पिल्लं दोन सेकंदांत आत. पहिले दहा-बारा दिवस तर पिल्लांना आईसकट मोठ्या डालग्याखालीच ठेवते, सकाळी दहानंतर तासभर मोकळं सोडते, तेही मी पायरीवर असेन तेव्हा.

आई कोण आहे यानंही फरक पडतो. आमची तांबडी कावळ्याच्या अंगावर उडी घेते. तिच्या खाली काहीही बसवा, निम्म्याच्या वर वाचतातच. एकदा बाहेरून बिनआईची यंत्रातली पिल्लं आणली होती, त्यांना दबकायचं कधी हेच कळत नव्हतं. चार दिवसांत संपली. आणि कोंबडा विकू नका. अंड्याला उपयोग नाही म्हणून लोक कापतात, पण दिवसभर मान वर करून आकाश बघायचं काम तोच करतो. पांढरी पिल्लं आधी जातात असं सासूबाई म्हणतात. आमच्या वहीतही तसंच दिसतं, पण आमच्याकडे पांढरी होतीच थोडी.

शेवटी वेळ बदलली. आता कोंबडी सप्टेंबरअखेर बसवतो, पाऊस ओसरल्यावर पिल्लं निघतात, आणि शिक्र्याच्या घरट्यात भूक वाढते तोवर ती चांगली थोराड झालेली असतात. उन्हाळ्यात कुणी खुडूक झालीच तर तिला उठवतो.

रात्रीची बाजू सोपी आहे, फक्त कंटाळा करायचा नाही. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. जमीन उकरून आत येणाऱ्यांसाठी तीच जाळी भिंतीपासून फूटभर बाहेर जमिनीत आडवी पुरा, किंवा आमच्यासारखा जांभ्या चिऱ्यांचा चौथरा. दाराला नुसता आडणा नको, कडी हवी. दार सूर्य मावळायच्या आत बंद.

हे चोरीचं प्रकरण नसेल तर

पिल्लं गायब होत नाहीत, मरून पडतात; हिरवट हगवण, मान वाकडी, धाप. अशा वेळी झाडावर शिक्रा शोधू नका, हा कोंबड्यांचा राणीखेत रोग असू शकतो. त्यावरची लासोटा लस पहिल्याच आठवड्यात द्यायची असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आणि आसपास कावळे किंवा इतर रानपक्षी मरून पडलेले दिसले तर उघड्या हातानं उचलू नका, दवाखान्याला कळवा, कोंबड्या आत बंद करा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तो कोंबड्यांत. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला आधी कावळे मेले. रानपक्ष्यांचं पाणी आणि कोंबड्यांचं पाणी वेगळं ठेवायचं ते यासाठीही.

यंदा तांबडीखाली अकरा निघाली. आठ आहेत. एक तिच्याच पायाखाली गेलं. दोन गेली ती मात्र भारद्वाजानं नेली, हे मी डोळ्यांनी बघितलं. शुभ शकून म्हणून सासूबाई ज्याला सकाळी हात जोडतात तो हा पक्षी उडत येत नाही, झुडपाखालून चालत येतो. म्हणजे शिक्र्यासाठी केलेला आडोसा याला उलट सोयीचा. कामट्यांच्या दोन्ही तोंडांना आता उभ्या काड्या लावतेय, पिल्लू जाईल पण भारद्वाज अडेल एवढ्या अंतरानं. तांबडी आत जाऊ शकत नाही म्हणून बाहेर उभी राहून बोंबलते, त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. सासूबाई म्हणतात, त्याला काही करू नकोस, दोन पिल्लं गेली तर गेली.